गोंगाटेंचं टेबल

गोंगाटे हे त्यांचं खरं नाव नव्हतं. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. नोकरीला लागल्यावर सहा महिन्यांत संस्थेतल्या कुणीतरी त्यांना गोंगाटे म्हटलं, आणि ते इतकं चिकटलं की पुढे बाहेरच्या संस्थांतली मोठी माणसं पत्राच्या डोक्यावर 'आदरणीय श्री. गोंगाटे' असं लिहायला लागली. सुरुवातीला ते दुरुस्त करायचे. मग त्यांनी हात टेकले.

त्यांचं कामच गोंगाटाचं होतं. आमची एक दुर्बीण आकाशात आहे. पंच्याण्णव मिनिटांत ती पृथ्वीभोवती एक फेरी मारते आणि फुटलेल्या ताऱ्यांकडून, कृष्णविवरांच्या आसपासच्या भागातून येणारे गॅमा किरण मोजते. ऐकायला फार भारी वाटतं. खरी गोष्ट अशी की ती जे मोजते त्यातलं शंभरातलं अठ्ठ्याण्णव आकाशातल्या कुठल्याच ताऱ्याचं नसतं. अंतराळातले वेगवान कण सतत तिच्या अंगावर आदळतात. त्या माऱ्यानं तिचा धातू, तिचे स्फटिक स्वतःच किरणोत्सारी होतात आणि तेही गॅमा किरण सोडायला लागतात. भिंतीला कान लावून शेजारचं ऐकायला जावं आणि आपल्याच पोटातली गुरगुर ऐकू यावी, तसा हा प्रकार. ती गुरगुर किती, कुठल्या भागातून, केव्हा वाढते, केव्हा ओसरते, हे गोंगाटे शोधायचे. रोज सकाळी दहाच्या आत ते त्या दिवसाच्या गोंगाटाची फाइल तयार करत. ठिकठिकाणचे शास्त्रज्ञ ती फाइल आपापल्या मोजणीतून वजा करत. उरेल ते आकाश. उरलेल्यावर निबंध निघत, बढत्या होत, पुरस्कार मिळत. वजा करून देणाऱ्याचं नाव आलंच तर शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात.

मी दुर्बिणीला हुकूम पाठवते. इकडे वळ, तिकडे थांब, आता डोळे मीट. माझं टेबल गोंगाटेंच्या टेबलाला टेकलेलं. तिसऱ्या मजल्यावरची ती खोली लांबट आहे, तिला एकच खिडकी आहे, आणि खिडकी उघडली की समोर वातानुकूलन यंत्राची राखाडी भिंत. हात लांब केला तर बोटं लागतील. सोळा वर्षं आम्ही दोघं त्या भिंतीकडे तोंड करून आकाशाचं काम करत होतो, आणि याचं हसू यायचं केव्हाच थांबलं होतं.

डोळे मिटण्याचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. एका महासागरावर अशी जागा आहे की तिथे पृथ्वीच्या चुंबकी पट्ट्यात अडकून पडलेले कण खूप खाली येतात. त्या जागेला आम्ही खड्डा म्हणतो. दुर्बीण दिवसातून आठ-नऊ वेळा त्या खड्ड्यातून जाते. जाण्याआधी मी तिची मोजणी बंद करते, बाहेर आली की चालू करते. पण तेवढ्या वेळात तिनं मार खाल्लेला असतो आणि तिचं अंग धगधगत असतं. त्यातलं काही अर्ध्या तासात निवतं, काही दोन दिवसांत, काही वर्षानुवर्षं निवतच नाही, साठत जातं. म्हणून दुर्बीण जितकी म्हातारी तितकी बडबडी. हे मी एकदा घरी सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आठ वर्षांपूर्वी गोंगाटेंनी एक युक्ती काढली. दिवसातल्या शेवटच्या खड्ड्यातून बाहेर आल्याआल्या दुर्बीण पंधरा मिनिटं आकाशातल्या एका रिकाम्या तुकड्याकडे वळवायची. तिथे तारा नाही, काही नाही. म्हणजे जे मोजलं जाईल ते निव्वळ तिच्या अंगाचं. तुकडा त्यांनीच निवडला. त्याचं नाव आम्ही ठेवलं पायपुसणं. बाहेरून आलं की आधी पाय पुसायचे, मग घरात. दुर्बीण वळवण्यासाठी भरायच्या संगणकावरच्या अर्जात मात्र 'पाय पुसणे' असा रकाना नव्हता. मी लिहिलं, 'निरीक्षण, सर्वसाधारण', आणि तुकड्याच्या पत्त्याचे दोन आकडे टाकले. आठ वर्षं रोज तेच लिहिलं.

गोंगाटेंना तिथून जायचं होतं. ही काही लपवाछपवीची गोष्ट नव्हती, चहावाल्यालाही ठाऊक होतं. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, शाळेत शिकवायच्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांची बदली सात तासांवरच्या डोंगरातल्या गावी झाली. "तू हो पुढे, मी वर्षभरात येतो," असं सांगून गोंगाटेंनी त्यांना बसमध्ये बसवून दिलं. तिथल्या कॉलेजात शिकवण्याची जागा त्यांना केव्हाही मिळण्यासारखी होती. वहिनींनी तिकडे घर केलं, मागे भाज्या लावल्या, मुख्याध्यापक झाल्या. गोंगाटे इकडे दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एकाच गॅसवर एकट्यापुरता भात लावत राहिले. कपाटावरची सूटकेस ते कधी कपाटात ठेवत नसत. आत ठेवली की राहिलोच म्हणून समजा, असं म्हणायचे.

दर वर्षी ते मुक्ततेचा अर्ज करत. दर वर्षी संचालक तेच म्हणत, "तुमच्या जागी एक माणूस तयार करा आणि खुशाल जा." यात अन्याय काही नव्हता, तीच तर पंचाईत. गोंगाटेंनी माणसं तयार केलीही. पहिला नऊ महिन्यांत पळाला. दुसरीनं दीड वर्ष काढलं, तेवढ्यात तिला एका ताऱ्याचा स्फोट सापडला आणि त्या स्फोटाच्या जोरावर ती परदेशी गेली. तिसऱ्यानं तर जाताना तोंडावर सांगितलं, "सर, आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोलीतला केर काढायला मी शिकलो नाही." गोंगाटे त्याला दारापर्यंत सोडून आले. मी असते तर दाराबाहेर ढकलला असता.

चौथी ती नवी. तिला अडीच वर्षं झाली तरी आम्ही नवीच म्हणतो. बारीक, चष्म्याची, बोलणं थोडं, आणि एकदा खुर्चीला चिकटली की चहा निवून साय धरेपर्यंत उठायची नाही. घरी आई आणि शिकणारी धाकटी बहीण. गोंगाटेंनी तिला जीव ओतून शिकवलं. तिच्यासाठी त्यांनी चारशे पानांची वही हातानं लिहिली. कुठला स्क्रू कुठल्या धातूचा, कुठला स्फटिक केव्हापासून कुरकुरायला लागला, सगळं त्यात होतं. दोन वर्षांनी संचालकांनी अर्जावर सही केली. गोंगाटेंनी सूटकेस कपाटावरून खाली काढली आणि पुसली. वहिनींनी तिकडे कपाटातला एक खण रिकामा केला. हे मला त्यांनी एकाच दिवशी दोनदा सांगितलं.

त्याच महिन्यात नवीला तारा सापडला.

तिनं आठ वर्षांची सगळी मोजणी एकत्र करून अख्ख्या आकाशाचा नकाशा केला होता. त्या नकाशात जिथे काहीच असायला नको तिथे एक ठिपका आला, आणि तो वर्षावर्षानं उजळत होता. संस्थेत एकच धावपळ. दुसऱ्या एका मोठ्या संस्थेनं नवीला जागा देऊ केली. आता इथे कोण राहणार, असा प्रश्न होता, पण संचालक इतके खूश होते की म्हणाले, बघू, दुसरं कुणीतरी शिकेल, वही आहे ना. आणि त्यांनी एका चहात दोन कार्यक्रम उरकायचं ठरवलं. आधी नवीचं व्याख्यान, मग गोंगाटेंचा निरोप.

तळमजल्यावरचा हॉल भरला होता. गोंगाटे पहिल्या रांगेत, मांडीवर फुलांचा गुच्छ, पायाशी संस्थेनं दिलेली नवी प्रवासी बॅग. नवीनं पडद्यावर नकाशा आणला; ठिपक्याची जागा तोवर तिनं आणि संचालकांनी गुलदस्त्यातच ठेवली होती. कोपऱ्यात ठिपक्याचा पत्ता होता, दोन आकडे. ते आकडे मी आठ वर्षं रोज टाइप केले होते. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितले असते.

ते पायपुसणं होतं.

मी गोंगाटेंकडे पाहिलं. ते ओठ हलवत आकडे वाचत होते. मग मान मागे वळवून त्यांनी गर्दीत मला शोधलं. मी माझ्या चपलांकडे बघत बसले. त्यांना दोन शब्द बोलायला उठवलं तेव्हा ते म्हणाले, "आभारी आहे," आणि खाली बसले. लोकांना वाटलं, गहिवरले.

वर खोलीत आल्यावर त्यांनी दार लावलं.

"वहीत लिहिलं नाही मी," ते म्हणाले.

"चारशे पानं लिहिलीत."

"हे नाही लिहिलं."

कसं लिहिणार? घरात येताना पाय पुसायचे हे कुणी लिहून ठेवतं का? पायपुसण्यावर काय पडतं ते बघून ते दिवसभराच्या गोंगाटाची सरासरी काढायचे. उद्या कुणी ते पायपुसणंच नकाशात टाकेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आणि नवीच्या डोळ्यांना ते दिसत होतं, 'निरीक्षण, सर्वसाधारण', माझ्याच हातचं. त्या तुकड्याकडे दुर्बीण दर वेळी अंग सर्वांत जास्त तापलेलं असतानाच बघत होती. त्यातून सरासरी वजा केली की काहीतरी उरणारच. आणि दर वर्षी जास्तच उरणार, कारण तिचं अंग दर वर्षी म्हातारं होत होतं. नवीला वाटलं, तारा उजळतोय.

मी सरळ सांगितलं, "गप्प बसा. दहा दिवस राहिलेत, निघून जा. सहा महिन्यांत कुणीतरी दुसऱ्या दुर्बिणीनं तिथे बघेल, काही दिसणार नाही, आपोआप मिटेल." मला त्यांची काळजी होती हे खरं. पायपुसण्याच्या त्या रोजच्या अर्जावर माझं नाव होतं हेही खरं.

"सहा महिन्यांनी मिटलं तर त्या पोरीचं नाव जाईल," ते म्हणाले. "आज मिटलं तर माझी चूक ठरेल."

"आणि तुमचं जाणं?"

त्यांनी खिडकीपाशी जाऊन वहिनींना फोन लावला. मी उठून जायला लागले तर हातानं थांबवलं, त्यामुळे त्यांच्या बाजूचं सगळं ऐकलं. त्यांनी झालेलं सांगितलं. मग मध्येच 'कळवतोय' एवढंच म्हणाले. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या?

"म्हणाली, तुम्ही मला विचारताय की कळवताय? मी म्हटलं, कळवतोय. तर म्हणाली, मग फोन ठेवा आणि सांगून या. खण रिकामाच आहे, तो काही खायला मागत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी संचालकांसमोर, नवीला बाजूला बसवून, सगळं सांगितलं. मीही गेले होते. अर्जाचं मी बोलले, पण त्यांच्यानंतर आणि हळू आवाजात. नवीनं एकच प्रश्न विचारला. "हे वहीत कुठल्या पानावर आहे?"

"नाही आहे," गोंगाटे म्हणाले.

ती उठून बाहेर गेली. संचालकांनी डोळे चोळले आणि गोंगाटेंना म्हणाले, "आठ वर्षांचं सगळं पुन्हा करावं लागेल. ते तुमच्याशिवाय कुणाला येतं?" मुक्ततेचं पत्र त्यांनी फाडलं वगैरे नाही. नुसतं ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ड्रॉवर लोटला.

त्यानंतरचे पाच महिने आठवले की अजून माझं डोकं जड होतं. नवीची खुर्ची गोंगाटेंच्या खुर्चीला लागून टाकली, आणि तीन टेबलांमधून वाट काढायची तर पोट आत ओढून जावं लागे. निरोपाची बॅग टेबलाखाली पडून होती, तिला सगळ्यांचे पाय लागत. पहिला महिना नवी आकड्यांपलीकडे एक शब्द बोलली नाही. गोंगाटे तिच्यासाठी चहा आणून ठेवायचे आणि ती तो निववून परत द्यायची. एक दिवस तिनं तो प्यायला. त्या दिवशी गोंगाटे मला म्हणाले, "आज प्यायली." पन्नाशी उलटलेला माणूस, त्याचा चेहरा उजळला होता.

दिवसामागून दिवस काढून त्यांनी दुर्बिणीच्या अंगातली प्रत्येक कुरकुर वेगळी केली. हा धातू इतका, तो स्फटिक इतका, हे काल खड्ड्यात लागलेलं, हे सहा वर्षांपूर्वीचं. इतकं बारीक काम त्या दुर्बिणीवर आधी कधी झालं नव्हतं आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. शेवटी पायपुसण्यातून सगळं वजा केलं. काही उरलं नाही. नवी पडद्याकडे बघत म्हणाली, "छान झालं काम." टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळलं होतं की काम छान झालं आहे, आणि मला त्याचंच फार वाईट वाटलं.

गोंगाटेंचा हिशेब असा होता की चूक त्यांच्या नावावर लागेल आणि पोरगी सुटेल. चूक त्यांच्या नावावर लागलीही. पण दुसऱ्या संस्थेचं सभ्य पत्र आलं, सध्या ती जागा भरायची नाही असं ठरलं आहे. तिला तारा नव्हता म्हणजे तिला काहीच नव्हतं. आणि तिची इथली मुदत त्याच महिन्यात संपत होती.

संचालकांनी गोंगाटेंना खाली बोलावलं. परत आले ते जिना मोजत आल्यासारखे आले आणि माझ्या टेबलाच्या कडेवर बसले. असं ते कधी बसत नसत.

"पत्र काढलं त्यांनी ड्रॉवरमधून," ते म्हणाले. "म्हणाले, माणूस तयार झाला की तुमचा. पाच महिने मांडीला मांडी लावून शिकली. तिला कायम करतो या टेबलावर, तुम्ही मोकळे."

"तिला विचारलं?"

"सकाळीच विचारलं. हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? घरी आई, बहीण." मग ते म्हणाले, "मी म्हटलं, साहेब, हिला इथे अडकवू नका, वर्षभर नकाशाचं काम द्या, तिचं तिला काहीतरी सापडेल. तर म्हणाले, मग वर्षभर हे टेबल तुम्ही सांभाळा. तुम्हीच सांगा, तुम्हाला जायचं आहे की नाही?"

"मग?"

"मग मी काही बोललो नाही."

खालून कुणीतरी खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता.

"एकदा बोललो," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा नाही बोलता आलं मला. अकरा वर्षं झाली हो."

मी म्हटलं, तुमची चूक नाही. ते कुणीही म्हणतं. त्यांनी मान हलवली आणि टेबलाखालची बॅग ओढून काढली, तिच्यावर आमच्या तिघांच्या चपलांचे डाग होते, ते रुमालानं पुसत बसले. नाही म्हण, दुसरीकडे बघ, असं नवीला जाऊन मीही सांगू शकत होते. मी सांगितलं नाही. उद्या खोलीत एकटीनं त्या भिंतीकडे बघत बसायचं मला नको होतं. हे आज लिहिते आहे, तेव्हा मनात मी त्याला दुसरंच काहीतरी नाव दिलं होतं.

जायच्या दिवशी गोंगाटेंनी नवीला वही परत दिली. तिच्यात चारशे एकावं पान चिकटवलं होतं. वर शीर्षक, पायपुसणं, खाली दोन आकडे आणि अर्धं पान मजकूर. नवीनं ते उभ्याउभ्या वाचलं.

"हे बंद करायचं का आता?" तिनं विचारलं.

"नाही. ते बंद केलं तर गोंगाट कळणारच नाही."

"मग चालू ठेवते."

त्यांना तिला आणखी काहीतरी सांगायचं होतं, मला दिसत होतं.  शेवटी म्हणाले, "खुर्चीचं डावं चाक ढिलं आहे, सांभाळून." आणि बॅग उचलून गेले. ठरल्या बसनं गेले, वहिनी घ्यायला आल्या होत्या, खण भरला, सगळं नीट झालं. तिकडे ते रोज संध्याकाळी घड्याळ बघतात, असं वहिनींनी मला सांगितलं. दुर्बीण शेवटच्या खड्ड्यातून बाहेर यायची ती वेळ.

नवी त्यांच्या खुर्चीत बसली. पहिले काही दिवस तिनं खिडकी उघडी ठेवून पाहिली, मग यंत्राची गरम हवा येते म्हणून लावून टाकली. चहावाला सवयीनं कप त्याच कोपऱ्यात ठेवायला लागला, आणि ती तो गरम असतानाच पिऊन टाकायला लागली. पंधरा-वीस दिवस झाले असतील. सकाळी पावणेदहाला टेबलावरचा फोन वाजला. तिकडचा माणूस मोठ्यानं बोलत होता, माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होतं. आजची फाइल अजून आली नाही, गोंगाटे आहेत का?

नवीनं फोन कानापासून जरा लांब धरला. माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी चपलांकडे बघितलं नाही, पण तोंडातून शब्दही फुटला नाही.

"हो," ती फोनवर म्हणाली. "बोलतेय."